‘इथले लोकच असे’ म्हणणाऱ्या लागोसच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

लागोसमधल्या सगळ्या दादांना, वहिनींना आणि नव्याने आलेल्या मुलामुलींना,
सप्रेम नमस्कार.

यंदा गणपतीच्या महाप्रसादाला मी मसालेभात वाढत होते. पंगतीत एक मुलगा होता, पुण्याहून इथे नायजेरियात येऊन त्याला तीन आठवडे झालेले. रात्रपाळीत पाच वेळा वीज गेली म्हणून तो वैतागला होता. त्यानं साधा प्रश्न विचारला, "एवढं तेल, एवढा गॅस निघतो या देशात, मग वीज का नाही?" शेजारी बसलेल्या आपल्यातल्याच एका ज्येष्ठ दादांनी ताटातून मान वर न करता उत्तर दिलं, "अरे, इथले लोकच असे आहेत. सवय होईल तुला." चार-पाच जण हसले, कुणी "अगदी बरोबर" म्हणालं आणि विषय जिलबीवर गेला.

मी गप्प बसले. सणाच्या दिवशी कशाला तोंड उघडा, असं वाटलं. पण घरी आल्यावर झोप लागेना. लांबून पोट भरायला आलेल्या पोराच्या हातात आपण तिसऱ्याच आठवड्यात काय ठेवलं, हा विचार मनातून जाईना. म्हणून हे पत्र. त्या दादांवर माझा राग नाही. तेच वाक्य मीही पहिली सहा-सात वर्षं सर्रास वापरलं आहे.

मी वाईची. २००६ साली लग्न होऊन लागोसला आले, तेव्हापासून इलुपेजूतच आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना सगळे ‘मामा’ म्हणतात. मराठी कानाला ते सुरुवातीला खटकतं, पण इकडे मामा म्हणजे आई. जे काही मला या देशाबद्दल कळलं, त्यातलं अर्धं तरी मामाकडून कळलं.

मामा मुशिनला राहते. तिची इमारत म्हणजे आपली चाळच. मधे बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या, मागे सामाईक संडास-मोरी. इकडे अशा घरांना ‘फेस मी, आय फेस यू’ म्हणतात. २०१९ मध्ये तिच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. लोक वीज कंपनीच्या कार्यालयात गेले, अर्ज दिला, परत गेले. उत्तर एकच, सध्या शिल्लक नाही, थांबा. महिना गेला, दोन महिने गेले. मग गल्लीने वर्गणी काढली, आणि मामाच्या चाळीची वर्गणी मामाकडे आली.

ती वही मी पाहिली आहे. शंभर पानी, शाळेची, कव्हरवर पाढे छापलेले. मामाला बेरजेची खात्री नव्हती म्हणून ती माझ्याकडे घेऊन आली आणि आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून हिशेब लावत बसलो. कुणी ५०० नायरा, कुणी २०००. शिंप्यानं दुप्पट दिले होते, कारण त्याचं मशीन विजेवर चालतं. एका नावापुढे नुसती रेघ होती. मी विचारलं, हे राहिलंय का? मामा म्हणाली, तिचा नवरा गेला मागच्या महिन्यात, तिला कुणी विचारायचं नाही असं ठरलंय. बेरीज चुकली नव्हती.

पाच महिन्यांनी ट्रान्सफॉर्मर आला. लोकांच्या पैशांनी आलेला, पण बसल्या दिवसापासून मालकी कंपनीची आणि बिलं पूर्वीसारखीच. इकडे गल्लोगल्ली हाच रिवाज आहे. त्या संध्याकाळी मी मामाला सोडायला गाडीनं गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा अंधारच होता. गाडीतून उतरतोय तोवर अख्ख्या गल्लीत एकदम दिवे लागले आणि घराघरांतून, गच्चीवरून, बोळातून पोरांचा आवाज उठला, "अप नेपा!" तुम्हीही तो ऐकला असेल. भिंतीच्या पलीकडून रोज येतो, आणि आपण म्हणतो, बघा, वीज आली की ओरडतात.

नेपा हे जुन्या सरकारी वीज मंडळाचं नाव. ते २००५ मध्येच मोडलं, त्याची दुसरी कंपनी झाली, मग २०१३ मध्ये तुकडे करून खासगी लोकांना विकलं. तरी लोक अजून नेपाच म्हणतात. आपल्याकडे नाही का, राज्य वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या त्याही २००५ मध्येच, आणि गावाकडे आजही ‘एमएसईबीचा वायरमन आला’ असंच म्हणतात. वर्ष एकच. त्यानंतर आपल्याकडचं भारनियमन हळूहळू आटोक्यात आलं. इथे वीस कोटींहून जास्त माणसांच्या देशात ग्रिडवरून मिळते साधारण चार-पाच हजार मेगावॉट. आपल्या महाराष्ट्राची लोकसंख्या बारा-तेरा कोटी, आणि उन्हाळ्यात मागणी २५ हजार मेगावॉटच्या पुढे जाते. २०२४ मध्ये इथलं ग्रिड दहाहून अधिक वेळा कोसळलं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर सांगते, कारण त्याला कुणी दिलं नाही. वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं, तारा आणि मनोरे सरकारकडेच राहिले आणि जुने झाले. बहुतेक वीज केंद्रं चालतात गॅसवर. गॅसवाल्यांचे पैसे थकतात म्हणून गॅस पुरेसा येत नाही, गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून वसुली नाही आणि वसुली नाही म्हणून पुन्हा पैसे थकतात. शिवाय जवळपास अर्ध्या घरांना मीटरच नाहीत, तिथे बिल अंदाजाने येतं. एप्रिल २०२४ मध्ये जास्त वीज मिळणाऱ्या भागांचा दर युनिटला ६८ नायरांवरून एकदम २२५ झाला आणि त्या भागांना दिवसाला किमान वीस तास वीज देऊ असं सांगितलं. यातला कोणता निर्णय मामाने घेतला? कोणता त्या शिंप्याने घेतला?

मी लग्नाआधी वाईला भारनियमनात अभ्यास केला आहे. कंदिलाची काच पुसणं हे माझं रोजचं काम होतं. तेव्हा आपण म्हणालो का, की मराठी माणूसच असा? आपण सरकारला बोललो, मंत्र्याला बोललो, वीज मंडळावर मोर्चे नेले. मुंबईच्या रस्त्यांवर खड्डे पडले की आपण ठेकेदाराचं नाव घेतो, महापालिकेचं नाव घेतो. मग इथे लागोसमधल्या ओशोडीच्या रस्त्यावर खड्डा दिसला की आपल्याला तिथून चालणाऱ्या माणसाचीच जात का आठवते?

आणि आपण हे बोलतो कुठून, तर कंपाउंडच्या आतून. आपल्या कंपाउंडला आपलं छोटं सरकार आहे. वीज गेली की दहा सेकंदांत मोठा जनरेटर सुरू. पाणी बोअरचं, टाकीतून. गेटवर रखवालदार, भिंतीवर तार. मुलांना बस. आजारी पडलो तर ठरलेला डॉक्टर, आणि जरा गंभीर असेल तर मुंबईचं विमान. भिंतीच्या पलीकडचा माणूसही हेच सगळं स्वतः करतो, फक्त त्याच्या ऐपतीत. त्याचा जनरेटर म्हणजे शेळीएवढं यंत्र, ज्याला लोकांनीच नाव दिलंय ‘आय पास माय नेबर’, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी बरा. ते बोळात लावतात, धूर खोलीत शिरतो, आणि झोपेत गुदमरून अख्खं कुटुंब गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पाणी पिशवीतलं, ‘प्युअर वॉटर’. दहा नायरांना मिळणारी पिशवी माझ्या डोळ्यांदेखत पन्नासवर गेली. सरकारनं करायची कामं घराघरानं करायची, वर कर भरायचा, आणि वरून आपल्यासारख्या पाहुण्यांचं ऐकायचं.

फेब्रुवारी २०२३ आठवतो का तुम्हाला? निवडणुकीच्या तोंडावर २००, ५०० आणि १००० नायराच्या जुन्या नोटा बंद केल्या. मुदत आधी ३१ जानेवारी, मग १० फेब्रुवारी. नव्या नोटा मात्र बँकेत नव्हत्याच. आपल्यातल्या बहुतेकांनी ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस भारतात नाहीतर फोनवरून अनुभवले होते, त्यामुळे आपल्याला तर सगळं लगेच कळायला हवं होतं. मामाच्या खात्यात पगार होता. तिचा फोन साधा, बाजारातल्या टोमॅटोवालीचाही साधा. बँकेत जमा असलेल्या पैशांनी मामाला चार टोमॅटो घेता येत नव्हते. रस्त्यावर कार्डावरून रोख देणारे पीओएसवाले आपल्या स्वतःच्याच पैशांपैकी दहा हजार हातात द्यायला दोन-दोन हजार कापून घेत होते. ती पहाटे साडेचारला बँकेच्या रांगेत जायची, दुपारी रिकाम्या हातानं कामाला यायची आणि उशीर झाला म्हणून माझी माफी मागायची.

त्याच आठवड्यात आपल्यापैकी कुणीतरी म्हणालं, "सांभाळून राहा, हे लोक आता बँका फोडतील." काही ठिकाणी लोकांचा संयम सुटला, जाळपोळ झाली, हे खरं आहे. पण लाखो माणसं आठवडेच्या आठवडे रांगेत उभी राहिली, हेही खरं आहे. ३ मार्चला इथल्या सर्वोच्च न्यायालयानं जुन्या नोटा डिसेंबरपर्यंत चालतील असं सांगितलं. तोवर किती भाजीवाल्यांचा माल सडला, कुणी मोजलं नाही. त्या धोरणाची जबाबदारी घेऊन एकानेही ‘माझं चुकलं’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यानंतर तीन महिन्यांतच, २९ मे २०२३ ला, नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीच्या भाषणात पेट्रोलचं अनुदान संपल्याचं सांगितलं. दोनशे नायरांच्या आत असलेलं लिटर काही दिवसांत पाचशेच्या वर गेलं, आणि पुढच्या वर्षाअखेर हजाराच्या वर. अनुदान कधीतरी काढावंच लागणार होतं, असं जाणकार सांगतात. मी त्यावर वाद घालणार नाही. अनुदानाच्या नावावर वर्षानुवर्षं कुणाचे खिसे भरले, याच्या चौकश्याही झाल्या आहेत. पण सामान्य माणसासाठी आधी बस हवी, मग भाववाढ. आफ्रिकेत सगळ्यांत जास्त तेल काढणाऱ्यांतला हा देश, त्याचे चारही सरकारी तेलशुद्धीकरण कारखाने वर्षानुवर्षं ठप्प, आणि ते कारखाने दुरुस्त करायला दिलेल्या पैशांचा हिशेब सोडून सरकारनं पहिला हात घातला तो डॅन्फोतून, म्हणजे इथल्या मिनीबसमधून, कामाला जाणाऱ्या माणसाच्या खिशात.

आमचे ड्रायव्हर तेव्हापासून ओशोडीहून चालत यायला लागले. भाडं दुप्पट झालं होतं, आणि घरापासून ओशोडीपर्यंतचं भाडं देण्यातच सकाळचे पैसे संपत. मला हे दोन आठवडे कळलंच नाही. एक दिवस मी लवकर खाली उतरले तेव्हा ते गेटच्या आत वाकून पाय पुसत होते. पायात रबरी चप्पल, हातात काळी प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पॉलिश केलेले बूट. चालून बुटांचे तळवे झिजतात, म्हणून बूट पिशवीतून आणायचे आणि गेटवर घालायचे. मला पाहून ते संकोचले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "नो वरी, मा. ई गो बेटर." होईल सगळं ठीक. आपण या ‘ई गो बेटर’ला नेहमी नशिबावर हवाला ठेवणं म्हणतो. मला त्या सकाळी वेगळंच वाटलं. माझं ओझं तुमच्यावर नको, इतकंच त्यांना सांगायचं होतं.

आता एक हिशेब मांडते. जरा नीट वाचा, कारण हा आपल्या घरातला आहे.

मे २०२३ मध्ये डॉलरचा सरकारी दर ४६० नायरांच्या आसपास होता. जूनमध्ये नायरा मोकळा सोडला, आणि २०२४ मध्ये दर दीड हजाराच्या घरात गेला. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पगाराचा मोठा भाग डॉलरमध्ये किंवा रुपयांत तिकडे जमा होतो. घरकामाच्या बाईला महिना ४० हजार नायरा देत असाल, तर मे २०२३ मध्ये ते तुमचे ८७ डॉलर होते. तोच पगार पुढच्या वर्षी तुम्हाला २७ डॉलरला पडला. म्हणजे तिच्या घरात गारी (कसावाच्या कंदाचा रवा) आणि तांदूळ महागले, आणि तिचे कष्ट मात्र आपल्याला तिपटीहून स्वस्त झाले. सरकारनं जुलै २०२४ मध्ये किमान वेतन ३० हजारांवरून ७० हजारांवर नेलं, तेव्हा त्या सत्तर हजारांत पन्नास किलोचं तांदळाचं पोतंही येत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी आकड्यांनुसार महागाई ३४.८ टक्के होती. या काळात किती घरांत पगार वाढला? मी स्वतः उशिराच वाढवला, ड्रायव्हरचे बूट पाहिल्यावर. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

त्याच वेळी राजधानी अबुजात काय चाललं होतं? १०९ सिनेटर आणि ३६० प्रतिनिधी, आणि त्यांच्यासाठी एकेक गाडी १६ कोटी नायरांची. ऑगस्ट २०२३ मध्ये सिनेटच्या अध्यक्षांनी कॅमेरा चालू असताना सभागृहात सांगितलं की, सुट्टी आनंदात घालवता यावी म्हणून सगळ्यांच्या खात्यात थोडी रक्कम पाठवली आहे. मग कुणीतरी लक्षात आणून दिल्यावर तो शब्द मागे घेतला. त्या वर्षीच्या पुरवणी अंदाजपत्रकात राष्ट्राध्यक्षांच्या नौकेसाठी ५०० कोटी नायरा होते. लोक खवळले, तेव्हा प्रतिनिधीगृहानं ती रक्कम विद्यार्थी कर्जाकडे वळवली. २९ मे २०२४ ला, भाकरी महाग झालेल्या त्या वर्षात, घाईघाईनं कायदा करून जुनं राष्ट्रगीत परत आणलं. मला हे लिहिताना संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

शिक्षणाचं फार लिहीत नाही. मामाची मुलगी २०२२ मध्ये सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती. प्राध्यापकांचा संप १४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि आठ महिने चालला. ती मुलगी आठ महिने लोकांच्या वेण्या घालत होती. अनेक नेत्यांची मुलं परदेशात शिकतात, त्यामुळे संप मिटवायची घाई कुणाला असणार? आता ती मुलगी ‘जापा’च्या गोष्टी करते. जापा म्हणजे देश सोडून निसटणं. आपणही पोटासाठी देश सोडला, आपल्याला त्यातलं दुखणं समजायला हवं.

दवाखान्यांचंही तेच. २००९ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यार’अदुआ उपचारांसाठी सौदीला गेले आणि देश कोण चालवतंय हे महिनोन् महिने लोकांना कळेना. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारी एका वेळी शंभराहून जास्त दिवस लंडनला उपचार घेत होते, आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नीनंच जाहीरपणे सांगितलं की राष्ट्राध्यक्ष निवासाच्या दवाखान्यात साधी सिरिंज मिळत नाही. बुहारी २०२५ च्या जुलैमध्ये वारले, तेही लंडनच्याच रुग्णालयात. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण ज्यानं आठ वर्षं देश चालवला, त्याला आपल्या देशातल्या एकाही दवाखान्यावर भरवसा ठेवता आला नाही, तर मामाने कुठे जायचं?

पण याच देशातल्या दवाखान्याची एक गोष्ट त्या नव्या मुलाला सांगा. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टर तेव्हा संपावर होते, म्हणून त्याला खासगी रुग्णालयात नेलं. तिथे डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांना इबोलाची शंका आली. त्याला सोडा म्हणून त्यांच्यावर वरून दबाव आला, लायबेरियाच्या अधिकाऱ्यांचे फोन आले. त्या हटल्या नाहीत. तो माणूस त्या दिवशी बाहेर पडला असता तर दोन कोटींच्या या शहरात काय झालं असतं याचा विचार करा. त्यात आपण होतो, आपली लहान मुलं होती. पुढे आरोग्य कर्मचाऱ्यांनी ८९४ संपर्कातल्या माणसांचा शोध घेतला, साडेअठरा हजारांच्या आसपास वेळा दारोदार जाऊन ताप मोजला. देशात २० रुग्ण झाले, ८ दगावले, आणि २० ऑक्टोबर २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला. डॉ. अडाडेव्हो त्या आठांपैकी एक. इथले लोक कसे आहेत, हे सांगायचंच असेल तर मी हे सांगते.

त्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२० ला, लेक्कीच्या टोलनाक्यावर तरुण मुलं झेंडे घेऊन राष्ट्रगीत म्हणत बसली होती. पोलिसांच्या सार्स नावाच्या पथकाचा छळ थांबवा, एवढीच मागणी होती. त्या मुलांनी आंदोलनाच्या जागा स्वतः झाडल्या, जेवण वाटलं, आलेल्या देणगीचा हिशेब लोकांपुढे ठेवला. त्या रात्री दिवे गेले आणि सैनिकांनी गोळीबार केला. इथे कुणी विरोधच करत नाही असं म्हणणाऱ्यांना ही मुलं कशी आठवत नाहीत? २०२३ ला मतदान २७ टक्क्यांच्या आसपास झालं, यावरूनही आपण लोकांना बोललो. निकाल केंद्रावरून थेट संकेतस्थळावर दिसतील असं निवडणूक आयोगानं सांगितलं होतं, आणि राष्ट्राध्यक्षपदाचे निकाल त्या दिवशी चढलेच नाहीत. रात्री फोनच्या उजेडात मतमोजणी पाहत उभी राहिलेली माणसं मी इलुपेजूत पाहिली आहेत. पुढच्या खेपेला ती आली नाहीत तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये चेंगराचेंगरीत माणसं गेली. आधी इबादानला मुलांच्या जत्रेत ३५ मुलं, मग तीन दिवसांनी ओकिजा आणि अबुजात, जिथे नाताळसाठी तांदूळ वाटत होते. तिन्ही मिळून ६० हून अधिक जीव. तेव्हाही कुणीतरी म्हणालं, "शिस्तच नाही या लोकांना."

मंडळी, मी वाईची आहे. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली, वर आग लागली, आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या आळीतली दोन घरं त्यात होती. दुसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईकडचं कुणीतरी म्हणत होतं, अडाणी लोक, शिस्त नाही. माझे वडील त्या माणसावर ओरडले होते, मी त्यांना एरवी कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. वाट अरुंद कुणी ठेवली, दुकानं पायऱ्यांवर कुणी लावू दिली, हे विचार, असं ते म्हणाले होते. इबादानच्या मुलांसाठी मी तेच म्हणते. तांदळाच्या एका पिशवीसाठी माणूस पहाटे रांगेत येतो तो बेशिस्त म्हणून येत नाही.

मी इथल्या सगळ्यांना साधू ठरवत नाही. मलाही लुबाडलं आहे, नाक्यावर "पोरांसाठी काहीतरी" म्हणून अडवलं आहे, शुक्रवारी "हॅपी वीकेंड, मॅडम" म्हणत हात पुढे केला आहे. ज्याचा पगार वेळेवर होत नाही तो नाक्यावर वसुली करतो, आणि त्याचं मी समर्थन करत नाही. पण बंदरातला कंटेनर लवकर सुटावा म्हणून जे पैसे जातात, ते आपल्याच वह्यांत ‘इतर खर्च’ म्हणून लिहिलेले असतात ना? मग त्याला ‘इथली पद्धत’ म्हणून आपण मोकळे कसे होतो? इथली सत्ता बिघडवणाऱ्यांत आपलाही थोडा हात आहे. रस्त्यावर धावणाऱ्या ओकाडा (भाड्याच्या मोटारसायकली) आणि केके (रिक्षा) पाहून आपल्याला अभिमान वाटतो, वाळूजच्या बजाजची गाडी लागोसमध्ये म्हणून. वाटावाच. पण ती चालवणारा माणूस दिवसातून किती वेळा अगबेरोला, म्हणजे थांब्यावरच्या वसुली करणाऱ्या टग्याला, पावतीविना पैसे देतो, तेही एकदा त्याला विचारा.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. नव्या माणसाला ते वाक्य देऊ नका. त्याला ग्रिडचं सांगा, सिनेटचं सांगा, डॉ. अडाडेव्होंचं सांगा, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. दुसरं, डिसेंबरचा पगार होण्याआधी प्रत्येकानं आपल्या घरच्या बाईचा, ड्रायव्हरचा, रखवालदाराचा पगार मे २०२३ च्या आकड्याशेजारी लिहून पाहावा आणि वाढवावा. किती वाढवायचा याचा एक हिशेब मी केला आहे, हवा असेल त्यानं मागून घ्यावा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती.

पंगतीतला तो मुलगा येत्या शनिवारी आमच्याकडे जेवायला येतोय. मामाला सांगून ठेवलंय, येताना ती वही घेऊन ये.

आपली,
इलुपेजूतली वाईची वहिनी